ओटी भरून निघाले आणि अभनपूरला पोचले

हे लिहावं की नाही, याचा घोळ माझ्या डोक्यात बरेच दिवस चालला होता. अनुभव लिहिणाऱ्यांना निदान आपल्याला काय अनुभव आला एवढं तरी ठाऊक असतं. मला तेही नीटसं ठाऊक नाही. आमच्याकडे दत्तमहाराजांची उपासना सासूबाईंपासून चालत आलेली आहे, आणि मी ती भांडत भांडत करते. दिवा लावते, आरती म्हणते आणि लगेच तक्रारींची यादी काढते. महाराज ऐकून घेतात. उत्तर मात्र कधी सरळ देत नाहीत. त्या दोन दिवसांतही त्यांनी तसंच केलं.

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. मागे उरले मी, रायपूरच्या चौबे कॉलनीतलं घर आणि भुऱ्या. भुऱ्या म्हणजे यांचा कुत्रा, पांढरा, केसाळ, मांडीवर मावेल एवढा. हे गेल्यावर त्याने खाणं सोडलं होतं. पुढे कसाबसा खाऊ लागला तो फक्त माझ्या हातून. एकदा लग्नासाठी नागपूरला गेले आणि त्याला शेजारी ठेवलं, तर मी परत येईपर्यंत पठ्ठ्याने पोळीला तोंड लावलं नाही. अशात जर्मनीहून लेकीचा फोन आला, की आई, मला दिवस गेलेत, आता तू इकडेच कायमची ये. मी म्हटलं, येते, पण भुऱ्याला घेऊन.

कुत्र्याला परदेशी नेणं म्हणजे काय प्रकरण असतं ते मला तेव्हा कळलं. त्याच्या कातडीखाली चिप बसवली, रेबीजची लस दिली, रक्त तपासायला पाठवलं आणि मग कित्येक महिने नुसती वाट पाहिली. विमानात तो माझ्या पायाशी पिशवीत बसणार होता, पण त्यासाठी त्याचं वजन कमी करायचं होतं. मी त्याला मोजून भात घालायची आणि गल्लीतल्या बायका कुंपणावरून बिस्किटं टाकायच्या. सगळ्यात शेवटी डॉक्टरांचा निरोगी असल्याचा दाखला हवा होता. तो थोडेच दिवस चालतो, म्हणून निघायच्या दिवशीच घ्यायचं ठरवलं. घर भाड्याने दिलं होतं, आणि त्याच दुपारी भाडेकरू राहायला येणार होते.

सकाळी गल्लीतल्या आमच्या पाच मराठी बायका ओटी भरायला आल्या. सगळ्या विदर्भातून इकडे आलेल्या घरांतल्या, माझ्या वयाच्या, रडायला तयारच. मी म्हटलं, आता मी कसली ओटी भरून घेते. तर त्या म्हणाल्या, लेकीच्या बाळंतपणाले चाललीस न, मंग? नारळ, तांदूळ, खण झाला. तेवढ्यात एकीचं लक्ष भुऱ्याकडे गेलं. "त्याले काहून विसरता वो? महाराजाच्या पायापाशी कुत्रे असतेत, हेही महाराजाचंच लेकरू हाय." झालं. एकीने लावलं म्हणून दुसरीने लावलं. पाचही जणींनी त्याच्या कपाळावर हळदकुंकू चोपडलं, एकीने ओवाळलंसुद्धा, आणि भुऱ्या बिचारा शेपूट हलवत गप्प उभा राहिला. मला भरून आलं. फोटोही काढला.

मी सामानासकट दवाखान्यात पोचेपर्यंत त्याने पिशवीच्या जाळीला तोंड घासून घासून ते कुंकू डोळ्यात घातलं होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पिशवी उघडली तर आत गुलाबी तोंडाचा, एक डोळा मिटलेला, पाणी गळणारा कुत्रा. मी घाईघाईने कुंकवाची सगळी हकीकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली, डोळा धुतला, विजेरीने पाहिला. "आंटी, मैं आपकी बात मानती हूँ. पर आँख तो सूजी है ना? मैं ठीक कैसे लिख दूँ?" थेंब दिले आणि परवा या म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं कुणाचंच नव्हतं, आणि म्हणूनच कुणावर चिडावं ते मला कळेना.

बाहेरच्या बाकावर बसून लेकीला फोन लावला. तिला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीतच. "आई, टिकट मैं बदल दूँगी, पर परसों भी आँख ठीक नहीं हुई तो? उसको किसी के पास छोड़ दे ना. मेरेको तू चाहिए," म्हणाली आणि रडायला लागली. मी फोन ठेवला. घरी परत जायची सोय नव्हती, तिथे आता दुसऱ्यांचं सामान लागत होतं. शेजारणींकडे गेले असते तर त्यांनी डोक्यावर घेतलं असतं. पण ओटी भरून उंबरा ओलांडल्यावर काम न होता मागे फिरायचं नाही, असं आमच्यात मानतात. शिवाय कुंकवाने काय केलं हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? हॉटेलात कुत्रा घेत नाहीत. मी मनातल्या मनात महाराजांना धारेवर धरलं. तुमच्याच नावाने लावलेल्या कुंकवाने माझी वाट अडवलीत. जाऊ नको म्हणताय, की याला सोडून जा म्हणताय? काय ते एकदा स्पष्ट बोला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. माझ्याहून थोडी मोठी असेल, मांडीवर औषधांची पिशवी. तिने माझं बोलणं ऐकलं असणार. रायपूरजवळच्या अभनपूरहून आली होती. तिचा कुत्रा आठवड्यापूर्वी गेला होता, आणि त्याची उरलेली औषधं दुसऱ्या कुणाच्या जनावराला लागतील म्हणून ती द्यायला आली होती. भुऱ्याकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "दीदी, मोर घर चलव. दू दिन के तो बात हे." मी ना तिला ओळखत, ना तिचं गाव पाहिलेलं. तरी माझ्या तोंडून "हव" निघून गेलं. इतकी वर्षं रायपुरात काढली, पण इथल्या छत्तीसगढीत मी कुणाला हव, म्हणजे हो, म्हटलेलं मला आठवत नाही. तासाभरात मी जर्मनीची मोठी बॅग, कुत्रा आणि ओटीतला नारळ घेऊन अभनपूरच्या बसमध्ये बसले होते.

तिचं घर बाजारामागे होतं. ती एकटीच राहायची. मुलगा रायपूरजवळ उरला इथल्या कारखान्यात, सुट्टी मिळाली की येणारा. तिने आम्हाला बसवलं आणि थेट स्वयंपाकाला लागली. भात, डाळ, भाजी, एवढं करू नका म्हटलं तरी करत राहिली. मी वेळेवर भुऱ्याच्या डोळ्यात थेंब घालत होते आणि लेकीला विचारत होते की ज्या विमानाने मी जाणार होते त्याचं काय झालं. खोटं कशाला बोलू, त्याला काहीतरी व्हावं अशी नव्हे, पण निदान ते रद्द तरी व्हावं अशी माझी आशा होती, म्हणजे महाराजांनी का अडवलं ते कळलं असतं. ते विमान वेळेवर निघालं आणि वेळेवर उतरलं. मी आणखीच गोंधळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातून आत आले तर भुऱ्या त्या बाईच्या हातून भात खात होता. माझ्याशिवाय कुणाच्या हातून न खाणारा तो कुत्रा तिची बोटं चाटूनपुसून साफ करत होता, आणि ती पदर तोंडाला लावून रडत होती. मी दारातच थांबले. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. म्हणजे मी मागितलेलं उत्तर हेच की काय? लेक सोड म्हणते, हा इथे खातो, हिचं घर सुनं आहे. इतकं स्पष्ट बोला असं मीच म्हटलं होतं.

तो दिवस कसा गेला ते मलाच माहीत. त्याच्याकडे पाहिलं की हे आठवत, आणि फोन वाजला की लेक. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळा अगदी स्वच्छ झाला होता. आता दाखला मिळणार हे दिसत होतं, म्हणजे न्यायला अडचण उरली नव्हती, आणि तेव्हाच मी तिला म्हटलं, "आप रख लो इसको." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तिने भुऱ्याला मांडीवर घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला मनातून वाटत होतं तिने नको म्हणावं, आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती. मग तिने स्वतःच त्याला पिशवीत ठेवलं आणि चेन लावली.

"नहीं दीदी. ये तुम्हारा है, ले जाओ," ती म्हणाली. "मेरा वाला गया, तब से मैंने चूल्हा नहीं जलाया था. किसके लिए रांधती? तुम लोग आए तो रांधी. अब रांध लूँगी."

दाखला मिळाला, विमान मिळालं, भुऱ्या पायाशी झोपून आला. नात माझ्या डोळ्यांदेखत झाली. हे सगळं मी कृपा म्हणूनच मानते आणि रोज हात जोडते. पण अनुभव कोणता म्हणाल तर तो हा नव्हे. ते दोन दिवस मी एकच धरून बसले होते, की महाराज मला काय सांगताहेत, मला का अडवताहेत. मला अर्थ लागेना, कारण त्या दिवशी त्यांच्या ध्यानात बहुधा मी नव्हतेच. अभनपूरमध्ये एक बाई आठवडाभर उपाशी होती, आणि तिच्या घरी पाठवायला त्यांना त्या वेळी आम्ही दोघं सापडलो.

हेही खरं की नाही, मला माहीत नाही. पण आता मी त्यांना 'का?' असं विचारत नाही. दिवा लावते आणि म्हणते, महाराज, कुणाकडे जायचं असेल तर सांगू नका, नुसतं पाठवा.