काथ्या विसरू नको

भाईंदर पश्चिमेला मार्केटच्या कोपऱ्यावर शहाळी विकणाऱ्या राई गावच्या मावशी प्रत्येक शहाळ्याला दोन टिचक्या मारतात आणि कान लावतात, जसं काय आतून कोणी बोलणारे! त्यांचं शहाळं कधी पोकळ निघत नाही.

परवा माझी मायक्रोबायोलॉजीची तोंडी परीक्षा होती, दुसऱ्यांदा! पहिल्यांदा हर्पिस व्हायरसच्या रचनेवरच उडाले होते. म्हणून परीक्षेला जाता जाता मावशींसमोर उभी राहून तीच पाठ करत होते.

"हर्पिस म्हंजे काय गो?"

"नागीण उठते ना मावशी, तो व्हायरस."

कोयता थांबला. "माझे कमरंला उठलेली. दाखव बघू, कसा हाय त्यो."

मी त्यांच्या हातातल्या कापलेल्या शहाळ्यावरच दाखवलं. वरची साल म्हणजे चरबीचं आवरण, करवंटी म्हणजे प्रोटीनचं कवच, आतलं पाणी म्हणजे डीएनए.

"आनि मधला काथ्या? त्यो काय उगाच हाय?"

अरे देवा, टेग्युमेंट! आवरण आणि कवच यांच्यामधला प्रोटीनचा थर! गेल्या वेळी हाच विसरले होते!

परीक्षेत सरांनी विचारलं, "आवरणाच्या आत काय?" मी ओरडले, "काथ्या!" सर हसत सुटले, मग मी सगळं शहाळं सोलून सांगितलं. पास!!

धावत मावशींकडे गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाल्या, "भरलेला हाय गो!"