अंबरनाथची इंजिनं, आणि एक वाघीण

जायचं आईने ठरवलं. पेपरात फोटो आला होता. अंबरनाथला लाइनीलगतच्या मैदानात जुनी इंजिनं आणि डबे मांडून ठेवले आहेत, लोकांना बघायला खुले आहेत. आईने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. इंजिनांच्या मागे, फोटोच्या कडेला अर्धीच आलेली, मालगाडीची एक वाघीण दिसत होती.

"अक्काला घेऊन जाऊ," ती म्हणाली.

अक्का म्हणजे माझी मावशी, आईपेक्षा सात वर्षांनी मोठी. त्यांचे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत चालायचं, खडी भरायची. आई म्हणते, ती लहान असताना सगळं घर वांगणीच्या पुढे, लाइनीच्या कडेला उतरवून ठेवलेल्या एका वाघिणीत राहायचं. तिला अंधार आठवतो आणि दाराच्या फटीतून आत येणारी उजेडाची एक उभी रेघ. मावशी म्हणते, असं काही नव्हतं. आबांना क्वार्टर होतं. तुला ताप आला होता, त्यात स्वप्न पडलं.

हे आयुष्यभर चाललं आहे. त्या घरातलं तिसरं माणूस आता उरलेलं नाही. आईला एकच हवं होतं. वाघीण समोर ठेवून अक्काला विचारायचं.

आम्ही बदलापूरला खरवईत राहतो. रविवारी सकाळी निघालो. तुम्हीही रविवारीच जा, पण लवकर. उल्हासनगर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात. कॅम्प चारला मावशीची गल्ली विहाराला लागून आहे. तिच्या घरावरच्या मजल्यावर जीन्स शिवतात. रविवारीही मशिनी चालू होत्या, आणि खाली बोलताना सगळे आपोआप मोठ्याने बोलत होते.

मावशी इस्त्रीची साडी नेसून तयार होती. तिची सून रेश्मा हिने कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानातून दाल-पकवान आणलं होतं. कॅम्पात गेलात तर हे खाल्ल्याशिवाय निघू नका. पकवान कडक हवं, डाळ गरम हवी, आणि कांदा मागून घ्यावा लागतो.

"मम्मी, टोपी घ्या, ऊन आहे," रेश्मा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मम्मींचे वडील रेल्वेत होते ना. मोठं क्वार्टर होतं म्हणे. मागे बागपण."

आईने मावशीकडे पाहिलं. मावशीने पकवान मोडलं.

"बाग?" आई म्हणाली.

"चार झाडं होती. डाळ घे की गं, गार होतेय."

कॅम्पातून अंबरनाथला थेट रिक्षा केली. संग्रहालयाला लांबलचक नाव आहे, ते कुणाला माहीत नाही. 'इंजिन ग्राउंड' म्हणा.

"वो भंगारवाला?" रिक्षावाला म्हणाला. "बैठो. आंटी, उधर देखने का क्या है, सब भंगार है."

"भंगार तू असशील," मावशी म्हणाली. "गाडी नीट चालव साईं, खड्डे बघ."

तो हसला. खड्डे त्याने सोडले नाहीत.

फाटकाशी तिकीट आहे, चहापेक्षा महाग नाही. सोमवारी बंद असतं. आत पाण्याचा एकच नळ आहे, बाटली सोबत न्या. उन्हं वर आली की लोखंड तापतं, तेव्हा हात लावू नका.

दाराशी वाफेचं मोठं इंजिन आहे. त्याचा काळा रंग इतका नवा आहे की मोठं खेळणं वाटतं. वळसा घालून मागे गेलं की खालच्या बाजूला रंग संपतो आणि गंज सुरू होतो. मी तिथे जास्त वेळ थांबले. पुढे डोंगरातल्या अरुंद रुळांवरचं छोटं इंजिन. मग विजेचं एक, तपकिरी, दोन्ही टोकांना तोंड असलेलं. त्याला कधी वळावं लागलं नसेल. एक वाफेची क्रेन, मान खाली घातलेली. मालगाडीच्या शेवटी लागायचा तो गार्डाचा डबा, आणि त्याच्या ओट्यावर आपला डबा उघडून पोळीभाजी खाणारं एक जोडपं. कुणी घाईत नव्हतं. पलीकडच्या चालू लाइनीवरून मधूनमधून लोकल जायची, तेव्हा इकडची इंजिनं जास्तच थांबलेली वाटायची.

"एवढं लोखंड," मावशी म्हणाली. "आमच्या कॅम्पात असतं तर रातोरात पातेली झाली असती."

आई हसली नाही. ती पुढे चालत होती.

वाघीण शेवटच्या रुळावर होती. 'बंद मालवाहू वाघीण', पाटीवर लिहिलं होतं. वॅगनचं मराठीत वाघीण कधी झालं, कुणाच्या तोंडून, मला माहीत नाही. लोखंडी दाराच्या दोन झडपा बाहेर उघडलेल्या होत्या आणि चढायला पायऱ्या लावल्या होत्या.

"मी इथे बरी," मावशी म्हणाली. "गुडघे." ती झाडाच्या सावलीत उभी राहिली.

आई चढली. मी मागोमाग गेले. आत कॉलेजच्या दोन मुली फोनवर फोटो काढत होत्या.

"या ना आजी," एक म्हणाली. "पण बघायला काहीच नाहीये, फुल खाली आहे."

"आम्ही राहायचो अशात," आई म्हणाली.

"अशात? म्हणजे गुड्स ट्रेनमध्ये?"

"चाकं काढलेली होती. जमिनीवर ठेवलेली."

"काय सांगता! आजी, एक मिनिट, परत बोला ना, व्हिडिओ लावते."

आईने पदर नीट केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला परत बोला म्हणत होतं. "इथे दारापाशी आम्ही झोपायचो," ती म्हणाली. "हवा यायची. चूल त्या कोपऱ्यात."

"कोपऱ्यात चूल?" खालून आवाज आला.

आईने दारातून खाली पाहिलं.

"कोपऱ्यात चूल मांडली असती तर धुरानं मेलो असतो सगळे. चूल दारात होती. झोपायचो आपण आत." मावशी सावली सोडून पायऱ्यांशी आली होती. मुलीने फोन तिच्याकडे वळवला. "ए, बंद कर ते आधी."

मुलीने फोन खाली घेतला.

"आणि पाण्याचं पिंप इकडे," आई हळूच म्हणाली.

"पिंप कुठलं आणलंस? दोन हंडे होते. बय भरून आणायची स्टेशनावरनं." बय म्हणजे त्यांची आई. मावशी पायऱ्या चढत होती. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. "आणि कपडे या आकड्याला. नाही, याला नाही. हा नवा दिसतोय."

ती मधोमध येऊन उभी राहिली. बाहेरून लोकल गेली आणि पायांखालचा पत्रा थरथरला.

"म्हणजे होती," आई म्हणाली.

"होती."

"मग मला का म्हणालीस?"

मावशीने भिंतीला हात टेकला. मुली निघायला लागल्या तर म्हणाली, "ऐका तुम्हीपण, आता काय लपवायचं. ही पाच वर्षांची. पहिल्याच दिवशी शाळेत बाईंनी जनावराचं चित्र दाखवलं, ही वाघीण. ही उठून उभी राहिली. बाई, आम्ही हिच्या पोटात राहतो. वर हिची चाकं कुठायत म्हणून विचारते. सगळा वर्ग हसला. मग रोज स्टेशनपासून पोरं मागं. आली वाघिणीची पिल्लं. दगडपण मारले. आबांना कळलं, ते त्या रात्री जेवले नाहीत. पुढं क्वार्टर मिळालं, पण ही बोलायची थांबेना. जिथं जाईल तिथं तेच. मग मी सांगायला लागले, स्वप्न पडलं तुला. रोज झोपताना सांगायचे. वाटलं, विसरेल आणि सुटेल."

"मी नाही विसरले."

"नाही विसरलीस. आणि मला नंतर मागं फिरता येईना. लग्नात क्वार्टर सांगितलेलं, सासरी क्वार्टर, सुनेला क्वार्टर. त्यात बागही लावून बसले."

मुलींपैकी एक हसली आणि लगेच गप्प झाली.

आई हसली नाही. "मला वाटायचं माझ्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे," ती म्हणाली. "मोठी झाले, मला मुलं झाली, तरी वाटायचं. ते तुला कळत होतं, अक्का." आणि ती एकटीच खाली उतरली.

"डिलीट करते, आजी," मुलगी मावशीला म्हणाली.

"असू दे," मावशी म्हणाली. "फक्त चुलीचं चुकीचं टाकू नको."

फाटकाबाहेर टपरीवर चहा बरा मिळतो. तिथे आम्ही तिघी एका बाकावर बसलो, मी मध्ये. मग परत कॅम्पापर्यंत रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी मावशी उतरली. "येते," एवढंच म्हणाली.

जावं का, असं विचाराल तर जावं. दोन तास पुरतात. इंजिनं मुलांना आवडतील, मोठ्यांनाही आवडतील. पण मागच्या रुळापर्यंत चालत जा. तिथे पाटीवर वजन, लांबी, बनवल्याचं साल लिहिलं आहे. आत कोण राहायचं ते लिहिलेलं नाही, आणि लिहायला हवं असं मला आता ठामपणे वाटतं.

घरी आल्यावर आई बराच वेळ गॅलरीत बसली. हवं होतं ते तिला मिळालं होतं. तरी ती रागावलेली होती, आणि त्याला उपाय नव्हता. मी वरण-भात लावला.

जेवायच्या आधी मावशीचा फोन आला. आईने उचलून कानाला लावला.

"शकू, थांब जरा," मावशीचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "ही रेश्मा काय विचारते बघ." मग तिने फोन बहुतेक ओट्यावर ठेवला. भांड्यांचा आवाज आला.

"पण मम्मी, मग बाळंतपण? शकूमावशींच्या वेळचं?"

"तिथंच, वाघिणीत. आबांनी दाराला लुगडं बांधलं. मला बाहेर उभं केलं, गाडी दिसली की ओरडून सांगायला."

"का?"

"एवढा आवाज व्हायचा गं. बय दचकू नये म्हणून. मी आपली ओरडतेय, गाडी आली, गाडी आली. एक मालगाडी गेली, संपेचना. ती गेली आणि आतून ही ओरडली."

आई फोन कानाला लावून उभी होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. तिने फोन ठेवला नाही.