फ्री रॅडिकलला अर्थिंग

फ्री रॅडिकलला मी अर्थिंग दिलं. पेणच्या एवढ्या गणपती कारखान्यांत हा पराक्रम करणारा मी एकटाच.

दोष आमच्या मास्तरांचा नाही. शिकवल्याशिवाय श्वासही न घेणारा असा माणूस अख्ख्या रायगडात दुसरा नसेल. शाळेत त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आपल्या वरसे गावाहून रोहा स्टेशन गाठून ते पेणला आमच्या कारखान्यात येतात, तेही शिकवायलाच. एकदा गाडीत शेजाऱ्याला मीठ पाण्यात का विरघळतं हे समजावताना पेण मागे पडलं आणि स्वारी पुढच्या जिते स्टेशनात उतरली. वर म्हणतात, "विषय अर्धा सोडता येत नाय."

त्या दिवशी वडिलांच्या हातच्या शेवटच्या शाडूच्या मूर्तीवरून फायबरचा साचा काढायचा होता. वडील गेले, त्यामुळे तशी दुसरी होणार नव्हती. रेझिन लवकर घट्ट होईना म्हणून मी हार्डनर अंदाजानं ओतला. मूर्तीच्या पायाशी ठेवलेला रेझिनचा पत्र्याचा डबा तापला, मग धुमसू लागला. शेजारी झटकन पेटणाऱ्या थिनरचा कॅन. हार्डनरमधून फ्री रॅडिकल सुटतात, एवढं मास्तरांकडून ऐकलं होतं. सुटलेत म्हणजे चार्ज असणारच, असं ठरवून मी डब्याच्या कडीला अर्थिंगची तार बांधली आणि हात झटकून उभा राहिलो.

मास्तर दारात आले. "हे काय रे?"

"चार्ज जमिनीत सोडतोय."

मास्तरांना मी जन्मात पहिल्यांदा धावताना पाहिलं. तार उपटून, तापलेली कडी उघड्या हातानं धरून त्यांनी डबा अंगणातल्या वाळूत नेऊन ठेवला. आतलं रेझिन काडकन तडकलं.

"मूर्ती?" त्यांनी वळून विचारलं.

"शाबूत आहे."

तळहातावर फोड उठत होते, तरी त्यांनी पायातली एक चप्पल काढली. "आपण दोन अणू. एक चप्पल माझी, एक तुझी, जोड झाली. जोड तुटली नि आपापली घेतली, तर कुणाकडं जास्त हाय?"

"कुणाकडं नाय."

"मग चार्ज कुठला? दोन्ही मी पळवल्या असत्या तर चार्ज! हा नुसता एकटा पडलेला इलेक्ट्रॉन, जोडीसाठी दिसेल त्याच्या अंगावर जाणारा. त्या जोड्या जुळतानाच डबा तापला. त्याला तुझी तार काय करणार?"

मी त्यांचा हात नळाखाली धरला. दारातून मूर्ती दिसत होती. तिच्याकडे बघता बघता मास्तर शिकवायचे थांबले, आणि मी घाबरलो.

"तुझा बाप शाळेत माझ्याच बाकावर, माझ्याशेजारी बसायचा," ते हळूच म्हणाले. "शास्त्रात नापास झाला, नि हे करून गेला. तुला मी पास केला. तिथंच चुकलो."