टिपणीससाहेब अण्णाकडे जाऊन आले

टिपणीससाहेबांना काहीही विचारलं, अगदी "जेवण कसं होतं?" एवढं विचारलं, तरी ते चष्मा कपाळावर सरकवून आधी उलट विचारायचे, "उघड प्रत देऊ की गोपनीय?" मग स्वतःच सांगायचे, "उघड प्रत अशी, की आमटी उत्तम होती. गोपनीय प्रतीत जे आहे, त्याच्या जागी इथे फुल्या." बायको वाढत असली तरी म्हणायचे. त्या हसायच्या, आम्हीही हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही, चीड येते.

सवय त्यांना कामातून लागली होती. आमच्या कचेरीतून सरकारकडे जाणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती निघत. एक गोपनीय, तिच्यात अशिलाचे खरे आकडे आणि खऱ्या गोष्टी. दुसरी उघड, ती कुणीही वाचावी, आणि तिच्यात आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या. हा कायदाच आहे, त्यात लबाडी नाही. मुक्ता, तू याच कायद्याचं शिक्षण घ्यायला इतक्या लांब गेली आहेस आणि परवा फोनवर म्हणालीस, "आजी, तुमच्या इंदूरमध्ये तेव्हा असलं काही नसेलच ना?" होतं. म्हणून हे लिहिते आहे. ईशान, तूही वाच. ज्या अण्णाआजोबांना तू भिंतीवरच्या फोटोतच पाहिलंस, ते यात आहेत.

श्रीधर टिपणीस होळकरांच्या कारभारात नोकरी केलेल्या घराण्यातले. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. दिल्लीत वकिली करून ते इंदूरला परतले तेव्हा देशाची दारं बाहेरच्या मालाला नुकतीच उघडली होती. त्यांनी पोलोग्राउंडजवळ दोन खोल्या घेतल्या आणि दारावर पितळी पाटी लावली, "आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा सल्लागार". पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त माणसं व्हिसा मागायला आली. एक जण तर आपल्या मेव्हण्याचे फोटोच घेऊन आला होता, "साब, दुबई का यहीं बनता है क्या?" टिपणीसांनी त्याला चहा पाजला आणि खरं ऑफिस कुठे आहे ते नकाशा काढून दिलं. असे चांगले होते ते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाईट माणसाने केलं असतं तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते.

कचेरीत आम्ही तिघं. कायदा टिपणीसांचा, हिशेब पोरवालजींचा आणि इंग्रजी माझं. मी शाळेतली नोकरी सोडून तिथे गेले, कारण काम डोक्याला खुराक देणारं होतं. माझा पहिला मसुदा टिपणीसांनी वाचला आणि माझ्यापुढे परत सरकवला. "बाई, ऐसा है, की इंग्रजीत रडू नका. इंग्रजीत रडलेलं दिल्लीत कुणी वाचत नाही. आकड्याला रडू द्या." मी विशेषणं काढली. त्यांच्याकडून मी जितकं शिकले तितकं कॉलेजातही शिकले नव्हते.

मग कापडगिरणीचं काम आलं. बाहेरच्या देशांतून इतकं स्वस्त कापड येत होतं, की त्यांच्या स्वतःच्या बाजारातही ते त्या भावाने मिळत नव्हतं. अशा मालावर सरकारने जादा कर, ज्याला आम्ही ड्यूटी म्हणायचो, तो लावावा, कारण त्याने इथल्या धंद्याला इजा झाली आहे, असा आमचा अर्ज. इजेचा पुरावा म्हणजे इंदूरच्याच परदेशीपुरा वस्तीतली आमच्या अशिलाची गिरणी, जी "तात्पुरती" बंद होती. त्या गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, माझा थोरला भाऊ अण्णा सुपरवायझर होता. वडील गेल्यावर त्याने कॉलेज सोडून तिथे नोकरी धरली आणि माझी एम.ए.पर्यंतची फी भरली.

गिरणी बंद झाल्यावरही अण्णा सकाळी भोंग्याच्या वेळेला दाढी करून तयार असायचा. भोंगा वाजत नव्हता, तरी. त्याच सुमारास त्याला पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात बोलावणं आलं. पगार कमी, पण नोकरी पक्की. अट एकच, गिरणीचा राजीनामा देऊन यायचं. गिरणीतून नाव काढलं आणि उद्या ती उघडली तर? अण्णा अडकला. त्याने कारखान्याकडून विचार करायला थोडी मुदत मागून घेतली.

रविवारी टिपणीस आमच्याकडे जेवायला होते. अण्णाही होता. भाताच्या वेळी त्याने विचारलं, "साहेब, एक सांगा. गिरणी सुरू होईल ना?"

टिपणीसांनी ताटातली कोशिंबीर एका बाजूला केली. "अण्णा, ड्यूटी लागली की गिरणी बंद ठेवायला काही कारण उरणार नाही."

"बस! इतकंच ऐकायचं होतं, भिया," अण्णा खास इंदुरी थाटात म्हणाला आणि त्याने त्यांच्या पानात स्वतः जिलबी वाढली.

त्या दिवशी आपल्याला उघड प्रत मिळाली आहे हे त्याला कळलं नाही. मलाही नाही.

मग दिल्लीचे अधिकारी स्थळपाहणीला येणार असं ठरलं. बंद गिरणी त्यांना दाखवायची होती. फाटक उघडावं लागणार म्हणून मॅनेजरने आदल्या दिवशीच चाव्या अण्णाकडे दिल्या. बातमी वस्तीत पसरली, "दिल्लीहून साब येतायत, मिल बघायला." माणसं येत गेली. कुणी झाडू आणला, कुणी घरातली जुनी लुगडी पुसायला आणली. त्यांनी साचाखातं छतापासून झाडलं, जाळी काढली, कबुतरांची घरटी हलवली, एकेका मागाला तेल दिलं. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा खातं लग्नघरासारखं लखलखत होतं आणि अण्णा इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभा होता. मागे त्याची माणसं, सगळ्यांनी भांग पाडलेले.

टिपणीस दारातच थांबले. त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"हे कुणी करायला सांगितलं तुम्हाला?"

अण्णाला वाटलं शाबासकी आहे. "सांगायचं काय त्यात, साहेब? पाहुणे येणार म्हटल्यावर घर नको आवरायला?"

"अहो, काय करून ठेवलंत! ते विचारतील, मशीनं तर ठणठणीत आहेत, माणसं तयार आहेत, मग गिरणी बंद का? मालकाने मर्जीने बंद केली म्हणून?"

मागून एक जण हसत म्हणाला, "तो साब, यही तो हम भी पूछ रहे हैं!" बाकीचेही हसले. टिपणीस हसले नाहीत. त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं, साचाखात्याला कुलूप घालायला लावलं आणि अधिकाऱ्यांना सूतकताईच्या खात्याकडे वळवलं. तिथे छत गळत होतं आणि जमिनीवर कबुतरांच्या विष्ठेचा थर होता. अधिकारी नाकाला रुमाल लावून फिरले आणि टिपून घेत राहिले. अण्णा आणि त्याची माणसं कुलूप घातलेल्या दाराशी उभीच होती. हातांचं तेल पुसायला चिंध्या हातात. त्यांच्याकडे कुणी आलं नाही. दुपारी त्यांना घरी जायला सांगण्यात आलं.

परतताना गाडीत मी टिपणीसांना म्हटलं, "मला गोपनीय प्रत हवी."

त्यांनी गाडीची काच वर केली. मग सांगितलं. गिरणी उघडणार नव्हती. कधीच नाही. मालकाने दुसऱ्या राज्यात नवा कारखाना उभा केला होता आणि ड्यूटी हवी होती ती त्या कारखान्यासाठी. इंदूरची गिरणी पुरावा म्हणून तेवढी उपयोगाची. हे त्यांना पहिल्या बैठकीपासून माहीत होतं. माझ्या घरी जिलबी खाताना माहीत होतं.

"अशिलाचं गुपित आहे, बाई. मी ते फोडलं तर उद्या माझ्या टेबलापाशी कोण येईल?"

"गुपित कुणी मागितलंय?" मी म्हटलं. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, 'अण्णा, पीथमपूरची नोकरी घ्या.' कारण सांगू नका. मालकाचं नाव काढू नका. डॉक्टर नाही का म्हणत, हवापालट करा? तसं म्हणा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे मला म्हणता येईल," असं म्हणाले. त्यांनी मला शब्द दिला.

टिपणीस जाण्याआधी मी स्वतः अण्णाकडे गेले होते, गिरणी उघडणार नाही, पीथमपूरची नोकरी घे, असं सांगायला, हेही सांगते. त्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुमे, तू इंग्रजी लिहितेस, केस साहेब चालवतात. तुझा काही गैरसमज झाला असेल. त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलंय." त्याच्या लेखी त्या माणसाच्या शब्दाला वजन होतं, कारण त्या माणसाला मीच मोठं मानत होते.

टिपणीस दिल्या शब्दाप्रमाणे परदेशीपुऱ्यात अण्णाच्या घरी गेले. त्यांची गाडी गल्लीत शिरत नव्हती, तर चिखलातून चालत गेले. शालूवहिनीने भुट्ट्याचा कीस केला, त्यांनी तो मागून घेतला. अण्णाच्या मुलीची प्रगती विचारली, तिला गणितात एक युक्ती शिकवली. शेजारपाजारची माणसं दाराशी जमली, त्यांना नमस्कार केले. अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी घ्या." आणि निघून आले.

संध्याकाळी अण्णा माझ्या दारात. चेहरा असा फुललेला, की मला क्षणभर वाटलं, नोकरी घेतली.

"सुमे, टिपणीससाहेब स्वतः आले होते! चिखल तुडवत! एवढा मोठा माणूस उगाच येईल का घरी? उघडणार, सुमे, मिल पक्की उघडणार. मी पीथमपूरला नाही म्हणून कळवून आलो."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. टिपणीस उठून उभे राहिले. "बाई, मी सांगणारच होतो. पण ते इतके खूश होते. वहिनींनी बशी आणली, मुलगी वही घेऊन आली... मला वाटलं, मी असा आलो यातूनच त्यांना काय ते समजेल."

"त्यांना समजलं," मी म्हणाले. राजीनामा मी इंग्रजीत लिहिला होता. त्यात एकही विशेषण नव्हतं.

ड्यूटी लागली. वर्तमानपत्रात टिपणीसांचा फोटो आला. गिरणीचे माग भंगारात गेले. अण्णा कापडबाजारात एका दुकानात लागला, पण गिऱ्हाईकासमोर कापड उजेडाला धरून "याची वीण सैल आहे" म्हणायचा. सेठने दोनदा समजावलं, मग काढून टाकलं. तो पुढे फार जगला नाही. शालूवहिनी शिवणकाम करत राहिली. शेवटच्या आजारपणातही अण्णाने टिपणीसांना कधी नावं ठेवली नाहीत. "साहेबांनी प्रयत्न केला. त्यांच्या हातात काय होतं?" असं म्हणायचा. त्याने नावं ठेवली असती तर माझा राग कदाचित कमी झाला असता.

टिपणीस गेले तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. शोकसभेसाठी मी बाबांवर इंग्रजीत काही लिहून द्यावं, असं घरच्यांना वाटत होतं. मी म्हटलं, प्रकृती बरी नाही. प्रकृती चांगली होती.

"काकू, बाबा तुमची खूप आठवण काढायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, इंदूरमध्ये माझी अडचण एकट्या सुमतीबाईंना समजली."

मी फोन ठेवला. मुलांनो, तो चांगला मुलगा आहे, बाप गेला होता, त्याला काय बोलायचं? पण तुम्हाला सांगते. मला त्यांची कसलीही अडचण समजलेली नाही. बशी हातात होती, अण्णा समोर बसला होता, आणि एक वाक्य बोलायचं होतं.