साडूभाऊंनी धाडलेलं मूळ

संगणक अडून बसला की आधी त्याची बाजू ऐकून घेणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा साडू आहे. हे मी लातुरात भेटेल त्याला, त्याने विचारलेलं नसलं तरी, सांगत असतो. साडूभाऊ कंधारजवळच्या खेड्यात शेती करतात आणि गावचे तंटे मिटवतात. बांधावरून जुंपलेल्या भावांना ते समोरासमोर बसवतात, आणि एकाचं पुरतं बोलून झाल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडू देत नाहीत. हाच न्याय त्यांनी आपल्या लॅपटॉपलाही लावला आहे. पडद्यावर काही उमटलं की तुम्ही-आम्ही न वाचताच 'ओके' दाबून मोकळे होतो. साडूभाऊ चष्मा पुसतात, तो संदेश खड्या आवाजात वाचतात, अडलेल्या शब्दाचा अर्थ शोधतात आणि सगळं दोनशे पानी वहीत लाल पेनाने उतरवून घेतात. एकदा माझं बोट 'ओके'कडे गेलं, तर त्यांनी मनगटच धरलं. म्हणाले, "पाव्हणं, ते काय म्हणून राहिलं ते तर ऐका. बोलणाऱ्याचं तोंड असं दाबू न्हाई."

तो लॅपटॉप बारा वर्षांचा. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे तिच्या कर्त्यांनी कधीच पाठ फिरवलेली. नवं काही बसवायला जावं तर 'ही आवृत्ती आता चालत नाही' हेच उत्तर. तापू नये, खालून वारा लागावा म्हणून साडूभाऊंनी त्याला माठाच्या तिवईवर बसवलं आणि माठ जमिनीवर आला. यावरून अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, घर डोक्यावर घेतलं होतं. "त्या डबड्यासंगंच लगीन लावायचं होतं की!" असं त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत. गंमत म्हणजे महिला बचत गटाची सगळी इतिवृत्तं त्या याच डबड्यावर टाइप करत. कळांवरच्या मराठी अक्षरांच्या पट्ट्याही त्यांनीच चिकटवलेल्या.

गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समज मात्र लख्ख, आणि डावा हात चालता. टाइप केलेलं मराठी वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, असं दवाखान्यातल्या बाईंनी सुचवलं. मी मोठ्या उत्साहाने लातूरहून नवा कोरा लॅपटॉप घेऊन गेलो. अक्कांनी त्याच्या कळांवरून बोटं फिरवली आणि तो हळूच बाजूला सारला. त्यांच्या बोटांना ओळख होती ती त्या झिजलेल्या कळांची. म्हणजे आता बोलायचं तर जुन्यावरच, आणि जुना तर ते सॉफ्टवेअर दारातही उभं करेना.

साडूभाऊ अकरा दिवस त्याच्यासमोर बसले. वहीत सात पॅकेजांची, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या सुट्या भागांची, वंशावळ तयार झाली. पहिल्याला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं. "हे लेकीसारखं हाय," त्यांनी मला समजावलं. "लेक माहेरी यायची तर घरचं कुणीतरी मूळ म्हणून आणायला जावं लागतं. उगं 'ये ये' म्हणून येत असती व्हय? ह्याला आणायला कुणी गेलंच न्हाई." मला काही धीर धरवला नाही. "साडूभाऊ, सोडा आता. म्हातारं झालंय ते," मी चिडूनच म्हणालो. त्यांनी खाटेवरच्या अक्कांकडे पाहिलं. "म्हातारं झालं म्हणून बोलणं बंद करावं व्हय, पाव्हणं?" मला माझीच लाज वाटली.

सातवं पॅकेज नेहमीच्या जागी नव्हतंच. "पत्ता बदललाय, घर न्हाई मोडलं," म्हणत त्यांनी जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं इंटरनेटवरचं एक भांडार हुडकून काढलं. मग शेवटून सुरुवात करत एकेकाला आणून बसवलं. बाराव्या दिवशी सकाळी सगळं बसलं, एकही तक्रार न येता. साडूभाऊच अस्वस्थ झाले. "हे काहीच कसं बोलून न्हाई राहिलं?"

लॅपटॉप पाटावर ठेवून अक्कांपुढे सरकवला. त्यांचं डावं बोट एकेक कळ शोधत फिरलं, आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात लॅपटॉप म्हणाला, "माठ तिवईवर ठेवा." आम्ही हसता हसता रडकुंडीला आलो. साडूभाऊंनी लगेच माठ उचलला. तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला, "डबडं बरं हाय." अक्कांचं बोट अजून चालूच होतं. पण उभ्या जन्मात कुणाचं बोलणं अर्ध्यात न सोडलेला तो माणूस माठ तसाच कवटाळून अंगणात निघून गेला. पुढचं मी एकट्याने ऐकलं.

मी त्यांची वही ओढली आणि शेवटच्या तक्रारीखाली लाल पेनाने ते लिहून ठेवलं: "माणूसबी."

आवाज अक्कांचा नाही, ही रुखरुख साडूभाऊंना आहेच. मी लिहिलेलं त्यांनी वाचलं असणार. त्या वहीत त्यापुढे एक अक्षरही वाढलेलं नाही. संगणकाच्या तक्रारींसाठी त्यांनी आता दुसरी वही केली आहे.