कौतिकभाऊंचा पुढचा दात

पारोळ्याच्या आमच्या बँडमध्ये कौतिकभाऊ तीस वर्षं ट्रम्पेट वाजवतात आणि मी त्यांच्या मागं ढोल बडवतो. ट्रम्पेटवाल्याचं सगळं दुकान पुढच्या दोन दातांवर चालतं. ओठाला आधार त्यांचाच. दात गेला की नुसती हवा. यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, भाऊंचा तोच दात हलायला लागला, आणि मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या मुलीचं, मोनालीचं लग्न होतं.

डॉक्टर म्हणाला, काढून टाका. भाऊ म्हणाले, आधी लग्न होऊ द्या. कारण मोनालीचा लहानपणापासून एकच हट्ट, तिच्या लग्नात बापानंच वाजवायचं. "आबा, बठ्ठास्ना पोरीस्ना लगीनमा तुम्ही वाजाडं. मना लगीनमा दुसरा का बरं?"

मुलीचा बाप नवरदेवाच्या मिरवणुकीत वाजवणार म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. भाऊंना त्यांची फिकीर नव्हती, दाताची होती. महिनाभर भाकर दुधात कुस्करून खाल्ली. त्यांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, शेंगदाण्याची चटणी करणंच सोडलं. दर तासाला भाऊ जिभेनं दात चाचपायचे आणि मला विचारायचे, "कुंदन, जास्त हाली ऱ्हायना का रे?" मी काय सांगणार कपाळ! ढोलाला दात लागत नाहीत.

लग्नाच्या दिवशी अकरा वाजता मारुतीच्या पारावरून मिरवणूक निघाली. ऊन असं की पितळेला हात लावता येईना. भाऊंनी माउथपीस ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. घोडा पाच पावलं चालायचा आणि दहा मिनिटं थांबायचा, कारण वऱ्हाडातल्या नाचऱ्यांचं पोटच भरत नव्हतं. "आजून एक! आजून एक!" असल्या लोकांचा मला मनापासून राग येतो. वरचा सूर आला की भाऊंची मान तिरपी व्हायची आणि माझी टिपरी चुकायची. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. मांडवाच्या दारात त्यांनी शेवटची लांब तान घेतली, पुरी केली, आणि तोंडावर मूठ धरली. मिशीला रक्त होतं.

बँडवाला मांडवात जात नाही. आम्ही बाहेर लिंबाखाली बसतो, मंगलाष्टकं संपली की तिथूनच दणका उडवतो. तीस वर्षांच्या सवयीनं भाऊही आमच्यातच येऊन बसले, कान मांडवाकडे लावून.

"कुंदन, आते सूर निंघस नही रे," ते म्हणाले. शेवटचं 'सावधान' झालं आणि मोतीलालच्या क्लॅरिनेटवर आम्ही कसंतरी निभावलं. भाऊ मान खाली घालून बसले होते.

मग माइकवरून गुरुजी ओरडले, "कन्यादानाला मुलीचे वडील कुठे आहेत?"

आम्ही इकडेतिकडे पाहिलं. भाऊंनीही पाहिलं. कोण हा बेफिकीर बाप, असं त्यांच्याही तोंडावर होतं. मग ते एकदम उठले आणि बँडच्या लाल कोटातच आत पळाले. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा हा माणूस झाडाखाली ड्युटीवर होता.

"ओंजळ पुढे करा," गुरुजी म्हणाले. भाऊंची उजवी मूठ आवळलेलीच. "अहो, उघडा ना," कमलवहिनी कुजबुजल्या. भाऊ मान हलवत राहिले. शेवटी मोनालीनंच एकेक बोट सोडवलं. तळहातावर दात होता.

वऱ्हाड हसलं. मोनाली हसली नाही. तिनं दात उचलला, शालूच्या पदराला गाठ मारून बांधला आणि म्हणाली, "आबा, आते हात द्या."