वरची जागा त्याची, खालची माझी

शिलाई मशीनची मोटर तापली की जो वास सुटतो, तोच आमच्या टीव्हीला जोडलेल्या जुन्या संगणकाच्या अडॅप्टरला यायचा. अर्नाळ्यात चर्चच्या सणाला हाऊजीच्या खेळाचे आकडे काढणारा प्रोग्राम मी लिहिला होता आणि मधे वाजायची धून मोठा भाऊ बसवणार होता. मेमरी चिमूटभर, एकाचं दुसऱ्यावर बसलं की आधीचं पुसलं जायचं, म्हणून आम्ही ठरवलं होतं, वरची जागा त्याची, खालची माझी. सणाच्या सकाळी मला न विचारता त्याने धून लांबवली आणि ती माझ्या आकड्यांवर जाऊन बसली. मांडवात वाऱ्यावर येणारा सुकत्या बोंबलांचा वास, तिकिटं घेऊन बसलेलं अख्खं गाव, आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच आकडा. लोक हसायला लागले. बाबांनी विचारलं, "कोनी केलं हे?" भाऊ माइकवरच म्हणाला, "आकडे हिने केलेत." बाबा म्हणाले, "पोरीच्या हाती दिल्यावर आनखी काय होनार?" जूनमध्ये कॉम्प्युटर क्लासला भावाचं नाव घातलं आणि माझ्यासाठी हे शिलाई मशीन आणलं. इतक्या वर्षांनी परवा भाऊ त्याच्या लेकीचा फ्रॉक माझ्याकडे शिवायला टाकून गेला, आणि जाताना म्हणाला, "तुला पहिल्यापासून शिवणाचीच आवड."